नाव बदललं आणि सुडो कुरकुरू लागला

प्रश्न : दुकानातल्या डेबियन लिनक्स मशीनचं नाव होस्टनेमसीटीएल ही नाव बदलायची कमांड वापरून ‘पीसी१’ऐवजी ‘गोदाम’ केलं. तेव्हापासून प्रत्येक सुडोला (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) ‘होस्ट सापडत नाही’ अशी तक्रार येते, कधी कधी कमांड अडकूनही बसते. डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) बदलून पाहिला, फरक नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : डीएनएसला हात लावायची गरजच नव्हती, तो आधी होता तसा करून टाका. होस्टनेमसीटीएल नवं नाव ईटीसी फोल्डरमधल्या होस्टनेम फाइलमध्ये लिहितं, पण शेजारच्या होस्ट्स फाइलकडे, म्हणजे कोणत्या नावाचा पत्ता कोणता या यादीकडे, ढुंकूनही पाहत नाही. तिथे १२७.०.१.१ च्या (मशीनच्या स्वतःच्याच पत्त्याच्या) ओळीत अजून ‘पीसी१’च ठाण मांडून बसलेलं असणार, म्हणून सुडोला नवं नाव सापडत नाही. ते खोडून ‘गोदाम’ लिहा. (सगळं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत, बरं का!) १२७.०.०.१ ची लोकलहोस्टवाली ओळ मात्र तशीच राहू द्या. मशीन रीस्टार्ट करायला नको.

तपासायला ‘गेटएंट होस्ट्स गोदाम’ चालवा. एनएसलुकअप या नाव शोधायच्या कमांडवर विसंबू नका. ते होस्ट्स फाइल उघडतच नाही, थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. गेटएंट मात्र एनएसस्विच फाइलमधल्या क्रमाने (नाव आधी कुठे, मग कुठे शोधायचं ते तिथे लिहिलेलं असतं) जातं, बाकीचे बहुतेक प्रोग्रॅम जातात तसंच. तरीही उत्तर आलं नाही, तर एनएसस्विच फाइलच्या ‘होस्ट्स’ ओळीत ‘फाइल्स’ हा शब्द शाबूत आहे ना, ते बघा.