ट्रायम्फचा क्रँक आधी घासायचा की आधी शेल आणायचे?

तुम्ही लिहिलंय की घरातली १९६८ ची ट्रायम्फ ६५० उघडली आहे, बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवर बसणारं टोक) वाजतोय आणि मिस्त्री म्हणतोय, "क्रँक वीसवर घासून टाकू, शेल नंतर बघू." (वीस म्हणजे मूळ मापापेक्षा वीस थाउ, इंचाचे वीस सहस्रांश, कमी; शेल म्हणजे रॉड आणि क्रँकच्या मधले बेअरिंगचे दोन अर्धे तुकडे.) नाशिकमध्ये हे काम होईल का?

होईल. फक्त मिस्त्रीचा क्रम उलटा करा. आधी शेल हातात, मग क्रँक ग्राइंडिंगला. माझ्या गाडीचं मी असंच केलं. बुलेटसारखं याचं सामान इथल्या दुकानांत नसतं, शेल बहुधा बाहेरून मागवावे लागतात. वीसचा सेट मिळालाच नाही तर घासलेलं लोखंड काही परत येत नाही.

आणि मोजल्याशिवाय "वीस" ठरलं कसं? जर्नलचं, म्हणजे क्रँकच्या ज्या गोल भागावर शेल बसतात त्याचं, मूळ माप १.६२३५ ते १.६२४० इंच. मायक्रोमीटर लावून प्रत्येक जर्नल दोन्ही टोकांना मोजा, प्रत्येक ठिकाणी आडवं आणि उभं. मग झीज किती आणि अंडाकृती किती ते कळेल. दहावर, म्हणजे १.६१३५ ते १.६१४० वर, ओरखडे निघत असतील तर तिथेच थांबा. उरलेलं मांस पुढच्या वेळी कामाला येईल. ग्राइंडिंगआधी चिरांची तपासणी मात्र करून घ्या, अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात विचारलंत तर करणारा सापडेल. चीर निघाली तर पुढचा सगळा खर्च वाचला.

शेल आले की ते रॉडमध्ये बसवायचे, कॅप (रॉडच्या टोकाचा सुटा अर्धा भाग) पूर्ण टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळायची आणि आतलं भोक मोजायचं. क्लिअरन्स (शेल आणि जर्नलमधली फट) अर्धा ते दोन थाउ राहिला पाहिजे. ग्राइंडरवाल्याला नुसतं "दहा" सांगू नका, हवं ते माप चिठ्ठीवर लिहून द्या. शेलची टोकं कॅपच्या किंचित वर असतात, ती मुद्दाम. त्या दाबानेच शेल जागेवर पकडून राहतो. कुणी ती टोकं किंवा कॅप फाइलने घासायला निघाला, किंवा शेल स्क्रेप करायला लागला, तर सामान उचलून घरी या.

नाशिकला क्रँक घासणाऱ्यांची कमी नाही, निफाड-दिंडोरीचे ट्रॅक्टर त्यांना काम पुरवतात. दोन्ही क्रँकपिन, म्हणजे हीच जर्नल, एकाच रेषेत असल्याने त्यांना सेटिंगही एकदाच करावं लागतं. जपायचं ते कोपऱ्याला. जर्नल जिथे वेबला (क्रँकच्या बाजूच्या भिंतीला) मिळतं तिथली गोलाई तशीच राहिली पाहिजे, त्यासाठी ग्राइंडिंगचा दगड तसा ड्रेस करावा, म्हणजे त्याला तसा आकार द्यावा लागतो. घाईत कोपरा काटकोनी झाला तर क्रँक तिथूनच तुटतो. काम द्यायच्या आधीच हे विचारा. उत्तर द्यायला जो अडखळेल त्याच्याकडे देऊ नका.

क्रँकच्या आत गाळ साठवणारी नळी असते. फ्लायव्हीलचा एक बोल्ट तिच्यात अडकलेला असतो, तो आधी काढा, नाहीतर ओढाताणीत नळी फाटेल. जुना गाळ दगडासारखा घट्ट असतो. ग्राइंडिंगनंतर तेलाची भोकं पुन्हा धुवा, बारीक कण तिथेच लपतात.

टायमिंग कव्हरमधलं क्रँकच्या टोकाचं ऑइल सील यावेळीच बदला. बिग एंडला तेल तिथूनच जातं. सील गळकं राहिलं तर तेलाचा दाब वाटेतच पडतो आणि नवे शेल पुन्हा वाजायला लागतात.