बोटीचे डिझेल इंजिन तापल्यावर मंद गतीला ऑईल प्रेशर उतरते. आधी काय तपासावे?

काहीही उघडण्यापूर्वी सेन्सरच्या जागी साधा यांत्रिक गेज लावून आकडा खरा आहे का ते पाहावे, कारण खाऱ्या हवेत सेन्सर आणि वायरींची टोके गंजून खोटा आकडा दाखवतात. दाब खरोखरच कमी असेल, तर डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) काढून पाहावी: पातळी वाढून तेलाला डिझेलचा वास येत असल्यास डिझेल मिसळून ते पातळ झाले आहे, आणि दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरले आहे. तेल निर्दोष असेल, तर फिल्टर, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) आणि शेवटी बेअरिंग तपासावे. बेअरिंग झिजून रुंदावलेल्या फटींतून गरम, पातळ तेल सहज निसटते. तापल्यावर दाब थोडा उतरणे मात्र स्वाभाविकच असते, म्हणून किमान मर्यादा आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावी.