माडग्याळ मेंढा प्रदर्शनात उतरवायचा असेल तर तयारी कशी करावी?

तुम्ही विचारलंय की घरी थोड्या दख्खनी मेंढ्या आहेत, आता एक माडग्याळ जातीचा नर घ्यायचाय, तो पुढच्या कार्तिकी यात्रेला आटपाडीच्या मेंढी बाजारात न्यायचाय आणि जमलं तर एखाद्या पशुप्रदर्शनातही उतरवायचाय; तर त्याला खुराक कोणता द्यावा? मी जत तालुक्यातली. माहेर आणि सासर दोन्हीकडे मेंढरंच, त्यामुळे जे रोज हाताखालून जातं तेच सांगते.

खुराकाचं सांगतेच, पण त्याआधी एक गोष्ट. बाजारात गुलाल लावून उभा केलेला मेंढा लोक बघतात आणि विचारतात, याला काय चारता? खरं म्हणजे विचारायला हवं, याची आई कशी होती आणि त्याला दूध किती महिने मिळालं? मेंढ्याचं हाड, लांबी आणि उंची बरीचशी पहिल्या चार-पाच महिन्यांत ठरते. पुढे नुसती पेंड घालून चरबी चढते, हाड फारसं वाढत नाही. यात्रेआधी दोन महिने मका-पेंडीचा मारा करून जनावर तयार करायचा विचार असेल तर तो सोडा. असा मेंढा चार दिवस गोलमटोल दिसतो, पण पुढे मेंढ्यांवर जात नाही, आणि नर म्हणून तो वाया जातो.

कोकरं राखणं आमच्याकडे बायकांचं काम. पुरुष कळप घेऊन रानात गेले की मागं वाड्यावर कोकरं, आजारी मेंढ्या आणि विणाऱ्या मेंढ्या आमच्या ताब्यात असतात. म्हणून मी हिशोब मेंढी भरवण्यापासून, म्हणजे तिला नर दाखवण्यापासून मांडते.

आषाढात पाऊस पडून हिरवा चारा सुरू झाला की मेंढ्या माजावर येतात. माज साधारण सतरा दिवसांनी फिरतो आणि दिवस-दीड दिवसच टिकतो. गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणजे 147 ते 150 दिवस. आषाढात भरलेली मेंढी मार्गशीर्षाच्या सुमाराला विते. तेव्हा पाऊस संपलेला असतो, वाड्याखालची जमीन कोरडी असते, शेंगाचा पाला आणि बांधावरचं गवत मिळतं. हे कोकरू पुढच्या कार्तिकात दहा-अकरा महिन्यांचं होतं आणि तोंडात अजून दुधाचे दात असतात. पक्क्या दातांची पहिली जोडी वर्षानंतर, कधी दीड वर्षाच्या सुमाराला येते. प्रदर्शनात गट दातांवरून पाडतात, त्यामुळे दुधाच्या दातांच्या गटात हे कोकरू सगळ्यांत मोठं दिसतं. उन्हाळ्यात झालेलं कोकरू त्याच गटात चार-पाच महिन्यांनी मागं पडतं. तुम्हाला कोकरू विकत घ्यायचंय, म्हणून ते कोणत्या महिन्यातलं आहे हे मालकाला विचाराच, आणि तोंड उघडून दात स्वतः बघा.

मेंढी भरवायच्या आधी दोन-तीन आठवडे रोज पाव किलोपर्यंत मका किंवा ज्वारीचा भरडा दिला तर ती नीट माजावर येते आणि गर्भ धरते. मधले तीन महिने चराई पुरते. पण शेवटचे सहा आठवडे हात आखडता घेऊ नका. पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ याच सहा आठवड्यांत होते, आणि कासेत दूध उतरण्याची तयारीही तेव्हाच चालते. या काळात मेंढीला भरडा आणि शेंगदाणा पेंड मिळून पाव किलो, वर शेवरी किंवा लसूणघास द्या. गाभण मेंढीला लांबची चाल देऊ नका, गर्दीत अरुंद फाटकातून घालू नका.

कोकरू पडलं की नाळेला आयोडीन लावा आणि तासाभरात चीक पाजा. पहिला चीक गेला नाही तर ते कोकरू पुढे काहीही चारलं तरी अंग धरत नाही, हे मी इतक्यांदा बघितलंय की यावर मी कुणाशी वाद घालत नाही. आधी सडातली घट्ट पहिली धार काढून टाका, मग तोंड लावा. तीन किलोच्या कोकराला पहिल्या दिवसभरात पाव लिटरच्या वर चीक जायला हवा, थोडा थोडा करून.

नर कोकरू प्रदर्शनासाठी ठेवायचं असेल तर त्याच्या वाट्याचं दूध तोडू नका. तीन महिने पुरतं पिऊ द्या. आईला कमी असेल तर शेळीचं दूध पाजा, तेही कोमट आणि ठरल्या वेळी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून शेवरीच्या फांद्या कोकराच्या तोंडाला येतील अशा उंचीवर टांगा. कुडाला एवढीच फट ठेवा की कोकरू आत जाईल, मेंढी जाणार नाही, आणि आत मूठभर भरडा ठेवा. पोट लवकर चारा पचवायला शिकलं की दूध सुटताना कोकरू खचत नाही. जुळ्यांतलं कोकरू या कामाला सहसा निवडत नाहीत, कारण दूध वाटलं जातं. माडग्याळ मेंढी बहुतेक एकच कोकरू देते, ते इथं फायद्याचं पडतं. पण पोटापाण्यासाठी जुळी देणारी मेंढी हवी असेल तर वेगळा विचार करावा लागेल. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पश्चिम बंगालमधल्या गरोळ जातीचा जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणून सुवर्णा मेंढी तयार केली आहे. ती प्रदर्शनाची नव्हे, संसाराची मेंढी आहे, आणि मला तिचं मोल जास्त वाटतं.

आता मोठ्या होणाऱ्या नराचा खुराक. आधार चाऱ्याचाच ठेवा: कडबा, तुरीचा आणि हरभऱ्याचा भुसा, शेंगाचा पाला, शेवरी, सुबाभूळ, आणि रोज तीन-चार किलोमीटरची चराई. चालल्याशिवाय मागच्या मांड्या भरत नाहीत आणि खूर वाकडे वाढतात. वरचा खुराक सहा महिन्यांच्या नराला पाव किलोपासून सुरू करून हळूहळू अर्ध्या किलोपर्यंत न्या, दिवसातून दोनदा विभागून. निम्मा मक्याचा जाड भरडा, पाव हिस्सा शेंगदाणा पेंड, उरलेल्यात तूर चुणी आणि थोडा गव्हाचा कोंडा. पीठ करू नका, भरडाच ठेवा. एकदम वाढवलं तर पोटात आंबतं, जनावर चारा सोडतं, पोट फुगतं आणि एका रात्रीत जातं. धान्याचं पोतं सुटून मेंढरांनी मका खाल्ला आणि सकाळी मेली, हे खेडोपाडी घडतं ते याचमुळे.

गव्हाचा कोंडा मी थोडाच म्हटला, त्याला कारण आहे. कोंड्यात आणि धान्यात स्फुरद (फॉस्फरस) जास्त, कॅल्शियम कमी. नराला हे महिनोनमहिने चाललं की मूतखडा होतो. मेंढीची लघवीची वाट मोठी, तिचं निभावतं. मेंढ्याची वाट बारीक आणि वळणाची, खडा अडकला की लघवी तुंबते. मेंढा पाठ वाकवून कळा देत असेल, थेंब थेंब मुतत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच तासाला डॉक्टरांना बोलवा. टाळायचं असेल तर खुराकात शेकडा एक भाग चुनखडीची भुकटी, एक भाग मीठ, आणि स्वच्छ पाणी दिवसभर समोर. हिवाळ्यात मेंढरं पाणी कमी पितात, तेव्हा मीठ जास्त कामी येतं.

क्षार मिश्रण आणताना एक पाहा: गाईम्हशींसाठीचं आणू नका. त्यात तांबं जास्त असतं, मेंढीच्या यकृतात ते साठत जातं आणि एक दिवस लघवी लाल होऊन चांगलं धष्टपुष्ट जनावर दगावतं. पिशवीवर मेंढीसाठी असं लिहिलेलंच घ्या. पैदाशीच्या नराला सरकी पेंडही बेताचीच. आणि पावसाने ओढ दिल्यावर सुकलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले धुमारे खाऊ देऊ नका, किराळ लागून, म्हणजे त्या ज्वारीतलं विष भिनून, मेंढरं तिथल्या तिथं पडतात.

अंडी, तूप, काजू-बदाम यांबद्दल लोक फार बोलतात. रवंथ करणाऱ्या जनावराला त्याची गरज नाही. तेवढ्या पैशात लसूणघासाचा एक गुंठा पेरा, त्याने जास्त काम होईल.

निवड करताना सगळे नाक बघतात. माडग्याळचं पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक ही ओळख आहेच, आणि गेल्या काही वर्षांत जितकं नाक जास्त वाकलेलं तितका भाव जास्त, असं झालंय. आटपाडी भागातल्या एका माडग्याळ मेंढ्याला 70 लाखांची मागणी आली आणि मालकाने तो दिला नाही, ही बातमी देशभर छापून आली होती. तेव्हापासून नाकाचं वेड फार वाढलं. मला याची काळजी वाटते. फक्त नाकासाठी बापाला लेकीवर, भावाला बहिणीवर घातलं तर दोन-तीन पिढ्यांत कोकरं अशक्त निघतात. म्हणून नाक बघून झालं की तोंड बघा: खालचे दात वरच्या हिरडीला बरोबर टेकले पाहिजेत, पुढे किंवा मागे पडले तर ते जनावर आयुष्यभर नीट चरू शकत नाही. मग पाठ सरळ आहे का, पुढचे पाय एकमेकांना घासत तर नाहीत, मागून चालताना पाय सरळ पडतात का. वृषण दोन्ही सारखे, भरीव, गाठ नसलेले हवेत. एकच उतरलेला असेल तर कितीही देखणा असला तरी घेऊ नका. आणि शक्य असेल तिथे त्याची आई समोर उभी करायला सांगा. आईची कास आणि अंगलट बघितल्याशिवाय मी नर घेत नाही. बाजारात हे जमत नाही, म्हणून नर बाजारातून न घेता वाड्यावरून घेतलेला बरा. शासनाच्या शेळी-मेंढी महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत, आमच्या जिल्ह्यात कवठेमहांकाळजवळ रांजणीला आणि सोलापुरात महूदला. तिथेही चौकशी करा.

दीड वर्षाच्या आत नर मोकळा सोडू नका. पुढे वीस-पंचवीस मेंढ्यांमागे एक पुरतो. दर दोन वर्षांनी बदला, म्हणजे तो स्वतःच्या लेकींवर जाणार नाही. ताप किंवा कडक उन्हाचा तडाखा बसला तर त्याची गर्भ धरवण्याची ताकद पुढचे दोन महिने कमी राहते, म्हणून उन्हाळ्यात सावली आणि मोकळी हवा. फार लठ्ठ झालेल्या मेंढ्याच्या वृषणाच्या वरच्या भागात चरबी साठते आणि तिथली उष्णता बाहेर जात नाही. आधी म्हटलं ना, चढवलेला मेंढा वाया जातो, ते यामुळेही.

लसी मृगाच्या आधी सुरू करा. आंत्रविषाराची पावसाळ्यापूर्वी, आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा. खुराकावरच्या जनावराला हा रोग आधी धरतो. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेगसारखा साथीचा रोग), देवी, लाळ्या-खुरकूत, घटसर्प डॉक्टरांच्या वेळापत्रकाप्रमाणे. नीलजिव्हा (ब्लू टंग) आमच्या भागात पाऊस सरताना येते, ती चिलटांमुळे पसरते, म्हणून संध्याकाळी वाड्याभोवती धूर करा आणि पाणी साचू देऊ नका. यात्रेला जायच्या आधी तीन आठवडे तरी सगळ्या लसी उरकलेल्या असू द्या.

तयारीचं बाकी थोडक्यात. अंगावरचे केस कातरायचे असतील तर महिनाभर आधी कातरा, म्हणजे कात्रीच्या रेघा बुजतात. खूर दोन आठवडे आधी कापा. दोन दिवस आधी उन्हात धुवा. दोरीला धरून चालायची आणि परक्या माणसाने तोंडाला हात लावला तरी उभं राहायची सवय दोन महिने आधीपासून लावा. बुजरा मेंढा रिंगणात मान खाली घालतो आणि अर्धा दिसतो. गाडीत चढवायच्या आधी पोट गच्च भरू नका. तिथल्या मुक्कामासाठी घरचाच चारा न्या. परत आल्यावर त्याला तीन आठवडे वेगळा बांधा, चारा-पाण्याचं भांडंही वेगळं. बाजारातून देवी किंवा पीपीआर घरी आला तर सगळा कळप बसतो.

राहिला तुमच्या दख्खनी मेंढ्यांचा प्रश्न. माडग्याळ नर त्यांच्यावर घालाल तर कोकरं अंगाने मोठी निघतील, विक्रीला चांगली; पण ती माडग्याळ म्हणून प्रदर्शनात उतरवू नका. लहान चणीच्या किंवा पहिलटकरणीवर तो घालूच नका, कोकराचं डोकं अडकतं. मोठ्या अंगाच्या, दोन वेळा व्यालेल्या मेंढ्या निवडा. बाकीच्या मेंढ्यांसाठी चांगला दख्खनी नरच ठेवा. दुष्काळात लांब चालणारी आणि काळी घोंगडीची लोकर देणारी मेंढी तीच आहे. कोकरू घेतलंत की त्याचं वय, वजन आणि तुमच्याकडे चारा काय आहे ते इथे लिहा, मी त्याप्रमाणे खुराकाचं माप काढून देते.