हर्णैचा लिलाव, सीगल आणि हुकणारा फोकस

प्रश्न : माझ्याकडे सोनी ए६४०० आणि त्यासोबत आलेली १६-५० लेन्स आहे. हर्णै बंदरातला संध्याकाळचा मासळीचा लिलाव आणि हिवाळ्यात येणारे सीगल, दोन्हींचे फोटो धूसर येतात. ऑटोफोकस कमी पडतोय का? बॉडी बदलू की लेन्स?
– एक वाचक, दापोली

उत्तर : बॉडी मुळीच बदलू नका. २०१९ साली आलेल्या या कॅमेऱ्यात फेज डिटेक्शनचे, म्हणजे झटपट फोकस शोधणारे, ४२५ बिंदू आहेत, जवळजवळ सगळी चौकट त्यांनी व्यापली आहे. आधी एक करा. धूसर फोटो संगणकावर मोठा करून बघा. मागची टोपली किंवा लाट स्वच्छ दिसत असेल, तर फोकस हुकलाय. काहीच स्वच्छ नसेल आणि हातवारे करणारा हात पुसल्यासारखा दिसत असेल, तर फोकस बिचारा निर्दोष आहे, शटर हळू पडलंय.

लिलावाचं दुखणं बहुधा दुसरं. ५० एमएमला, म्हणजे पूर्ण झूमला, तुमची लेन्स एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). दिवेलागणीला शटर १/३० सेकंदावर येतं आणि बोली लावणारी माणसं काही तुमच्यासाठी थांबत नाहीत. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, त्यांचा नाही. इथे सिग्माची ३० एमएम एफ १.४ घ्या. एफ २ वर ठेवलीत तरी त्याच उजेडात १/२५० मिळेल. झूम नाही म्हणून कुरकुर कराल, पण गर्दीत दोन पावलं पुढे जाणं सोपं असतं. आय एएफ, म्हणजे डोळा शोधून धरणारा ऑटोफोकस, माणसांवर ठेवा. पाटीवर वाकलेल्या बाईनं मान वर केली की तो डोळा बरोबर पकडतो.

सीगलचं प्रकरण वेगळं. या कॅमेऱ्याचा प्राण्यांचा आय एएफ कुत्र्या-मांजरांसाठी आहे, पक्ष्यांसाठी नाही. तो बंद करा. एएफ-सी (हलत्या विषयावर सतत फोकस) लावा, फोकस एरिया ट्रॅकिंगचा झोन, म्हणजे चौकटीचा ठरावीक भाग, निवडा, शटर १/२००० च्या आसपास. पूर्ण चौकट कॅमेऱ्यावर सोपवलीत तर तो चमकत्या लाटेवर जाऊन बसतो. लेन्स घ्यायचीच तर सोनीची ७०-३५० जी. वजन ६२५ ग्रॅम, फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या, हिशोबात ५२५ एमएमपर्यंत पोच. ५५-२१० स्वस्त आहे खरी, पण ती २०११ ची, तेव्हा सोनीच्या या छोट्या कॅमेऱ्यांत फेज डिटेक्शन आलंही नव्हतं. उडत्या पक्ष्यासाठी मी ती सुचवणार नाही. दुकानदार सुचवेल.

आणि वेळ बदला. आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी सूर्य थेट लेन्समध्ये, पक्षी काळा ठिपका, फोकसला धरायला पिसांचा तपशीलच नाही. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून, डोंगराच्या बाजूनं येतं. तेच सीगल, तीच जुनी लेन्स घेऊन एकदा सकाळी जाऊन बघा, मग खर्चाचं ठरवा.

दोन्ही एकदम परवडत नसतील तर आधी ३० एमएम. १६-५० विकू नका, सुवर्णदुर्गासकट अख्खं बंदर चौकटीत घ्यायला तिचं १६ चं टोक लागेलच. पावसाळ्यात मात्र एकही लेन्स कापडी बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि ते ओलं झालं की बदलायचं. आपल्याकडच्या दमट हवेत काचेला बुरशी धरते, आणि ती साफ करण्याचा खर्च स्वस्त लेन्सच्या किमतीला भिडतो.