टाळी दोनवर आणि चारवर

प्रश्न : बाई, मी सेकंड इयरला आहे, राहते कर्वेनगरला. शास्त्रीय गाण्याच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्यात. आमच्या कॉलेजात गॉस्पेल क्वायर आहे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची चर्चमधली गाणी म्हणणारा गायकवृंद. बहुतेक मुलं नागालँड-मिझोरामची, काही केनिया-टांझानियाची, दोघी गोव्याच्या. गॅदरिंगला माझं गाणं ऐकून त्यांच्या लीडरने 'आमच्यात ये' म्हटलं. मला जायचंय. पण आई म्हणते, 'आज गाणं, उद्या काय?' मैत्रिणी म्हणतात, 'एकटी मराठी तिथे काय करणार?' आणि मलाही वाटतं, गुलामगिरी भोगलेल्यांची ही गाणी, त्यात येशूचं नाव. मी ती म्हणावीत का? एक तालीम बघून आले, तर मला साधी टाळीसुद्धा जमेना.
— नाव न छापण्याची विनंती, पुणे

उत्तर : जा. बाकी जे लिहितेय ते गेल्यावर कसं वागायचं त्याबद्दल.

आधी टाळी. तुझा हात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पडायला शिकलाय, आणि तिथे नेमका समेवर हात रिकामा ठेवायचा असतो. चार मात्रांत एक आणि तीन पायांच्या, दोन आणि चार हातांच्या. गच्चीवर जा, डावं पाऊल एकवर टाक, टाळी दोनवर, उजवं पाऊल तीनवर, टाळी चारवर. तोंडाने काही म्हणू नकोस. हातपाय आपोआप चालायला लागले की त्यावर एखादी सरगम म्हण, शब्द सगळ्यात शेवटी. समेवर टाळी द्यायचा मोह होईल. झाला की थांब आणि पहिल्यापासून धर.

याहून मोठी अडचण तुला अजून भेटायची आहे, ती म्हणजे षड्ज, आपला सा. आपण एकदा पेटीची काळी चार ही पट्टी धरली की मैफल संपेपर्यंत ती सोडत नाही, तानपुरा सोडूच देत नाही. गॉस्पेलमध्ये पुष्कळदा शेवटाला एकच ओळ घोळवतात आणि प्रत्येक फेरीला सगळा क्वायर अर्धा स्वर वर चढतो. काळी चारवरून पांढरी सहा, तिथून काळी पाच. पहिल्यांदा पायाखालची फरशी सरकल्यासारखं वाटतं. तेव्हा जुना षड्ज धरून बसू नकोस. नवा सा मनात लाव आणि त्यावरून स्वतःचा स्वर मोज. इथे तुझ्या मिझो मैत्रिणी कामाला येतील. वेल्श मिशनऱ्यांनी तिकडे टॉनिक सोल्फा, म्हणजे डो-रे-मी अक्षरांत स्वर लिहायची पद्धत, नेला, आणि अनेक मिझो गाणारे आजही त्याच लिपीत गाणी लिहितात-वाचतात. त्यांचा 'डो' आपल्या सा-सारखाच कुठल्याही पट्टीवर बसतो. तू सरगम म्हण, त्या सोल्फा म्हणतील. एका संध्याकाळीत तुमचं जमेल.

तुझा आवाज काळी चारवर रमत असेल, तर तुला बहुधा अल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजांत, उभं करतील. तिथे चाल तुझ्याकडे नसते. चाल सोप्रानोंकडे, म्हणजे वरच्या आवाजांकडे, तू तिच्या खालच्या स्वरांवर. लहानपणापासून एकसुरात गायलेल्यांना हे जड जातं. शेजारीण जे गाते तेच आपल्या गळ्यातून कधी यायला लागलं, ते कळतही नाही. लीडरकडून फोनवर सोप्रानो, अल्टो आणि मुलांचा टेनर अशा तिन्ही ओळी वेगवेगळ्या रेकॉर्ड करून घे. एका कानात सोप्रानोंची ओळ लाव आणि तोंडाने तुझी गा. कागदावर नोटेशन मागू नकोस. गॉस्पेल बहुतेक ऐकून, ओळीमागे ओळ म्हणूनच शिकवतात. गुरूसमोर बसून शिकलेल्या मुलीला ते परकं वाटायचं कारण नाही.

आता गाणी कोणाची, हा प्रश्न. 1871मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या फिस्क या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजला पैशांची ददात होती, म्हणून तिथली नऊ मुलं-मुली गात गावोगाव निघाली. हीच ती फिस्क ज्युबिली मंडळी. त्यातले बरेचजण स्वतः गुलामगिरीत जन्मलेले. आई-वडिलांची ती भजनं, म्हणजे स्पिरिच्युअल्स, चारचौघांत म्हणायला सुरुवातीला तेच कचरत होते. ती त्यांची खासगी, पवित्र ठेव होती. शिवाय गोऱ्या श्रोत्यांना सवय होती ती गोऱ्यांनीच तोंडाला काळं फासून केलेल्या कृष्णवर्णीयांच्या नकलांची. तरी ते गायले, 1873मध्ये इंग्लंडच्या राणीपुढेही गायले, आणि त्या पैशांतून कॉलेजची इमारत उभी राहिली. त्याच 1873 साली आपल्या पुण्यातून जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' काढली आणि ती अर्पण केली निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकन लोकांना. तेव्हा हा विषय पुण्याला नवा आहे असं कुणी सांगू नये.

तुमचा क्वायर गातो ते गॉस्पेल त्यापुढचं, 1930च्या दशकात शिकागोत घडलेलं. ते घडवणारा थॉमस डॉर्सी आधी ब्लूजचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चबाहेरच्या गाण्याचा, पियानोवाला होता. त्याने ती लय चर्चमध्ये आणली तेव्हा 'हे गुत्त्यातलं संगीत इथे नको' म्हणणारी शिष्ट मंडळी त्याच्याच समाजात होती. हे तुला का सांगतेय? कारण तुमच्या क्वायरमध्ये शिकागोचं कुणीच नाही. कोहिमाचा मुलगा, नैरोबीची मुलगी, म्हापशाची मुलगी, सगळ्यांनाच हे गाणं बाहेरून आलेलं. त्यांना चर्चमुळे हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरांत गाणं, लहानपणीच मिळाली, तुला आता मिळतेय, एवढाच फरक. म्हणून हळहळत, माफी मागत उभं राहण्यापेक्षा प्रत्येक गाणं कुणी, कधी, कशासाठी केलं ते विचार. लीडरला माहीत नसेल तर दोघांनी मिळून शोधा.

आईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. मी नाना पेठेतल्या मराठी ख्रिस्ती घरातली. शास्त्रीय शिकायला सदाशिव पेठेत जायची, गुरुपौर्णिमेला देवीच्या बंदिशी म्हणायची आणि रविवारी चर्चमध्ये ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर. मी 'तिकडची' होईन अशी धास्ती माझ्या आत्यालाही होती. मियाँ मल्हार रागातल्या मोठ्या ख्यालात अल्लाचं नाव घेऊन कितीजण घरी येऊन संध्या करतात, हे आईंना विचार. तरीही एक भेद मी मानते. कोरसमध्ये सगळ्यांबरोबर गाणं वेगळं आणि 'देवाने मला कसं तारलं' अशी साक्ष देत सोलो, म्हणजे एकटीने, म्हणणं वेगळं. गॉस्पेलमध्ये सोलो ही पुष्कळदा साक्ष असते. ज्यावर तुझा विश्वास नाही ती साक्ष देऊ नकोस. सोलो देऊ केला तर हेच कारण मोकळेपणाने सांग, कुणी रागावणार नाही. तालमीआधी प्रार्थना होत असेल तर शांत उभी राहा. आणि आईंना एकदा तालमीला घेऊन जा. बंद दाराआड काय चालतं याची कल्पना नेहमी प्रत्यक्षापेक्षा भयंकर असते.

'लोक काय म्हणतील'ला पुण्यात मोठा इतिहास आहे. 1890मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली म्हणून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासह भल्याभल्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकायचा खटला, झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. चहा पिऊन शहर बुडालं नाही.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. स्टेजवर या मुलांना टाळ्या मिळतात आणि भाड्याने खोली बघायला गेलं की 'कालच दिली' हे उत्तर. केनियाचा असो की टांझानियाचा, सोसायटीच्या तोंडी तो 'नायजेरियन', आणि कोहिमाच्या मुलीला रिक्षावाला विचारतो, 'चायना का?' तू त्यांच्यात उभी राहिलीस की हे तुझ्यासमोर होईल. मराठी तुला येतं, त्यांना नाही. एजंटशी बोलायला बरोबर जा. वॉचमन नाव विचारायच्या आत भुवई उडवतो, तेव्हा 'माझ्याकडे आलेत' म्हण. मैत्रिणी विचारतात ना, एकटी मराठी तिथे काय करणार? त्यांना हे सांग.

कधीतरी कुणीतरी उत्साहाने सुचवेल, 'मध्ये तुझा आलाप घालू, फ्यूजन करू.' पहिलं वर्ष तरी नको म्हण. आधी अल्टो पक्का होऊ दे.

विशारदचा फॉर्म भरायचा असेल तर जरूर भर, गळ्याला दोन्ही झेपतं. फक्त तालमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताना घेऊ नकोस, खर्ज, म्हणजे खालचे स्वर, लाव आणि कोमट पाणी पी.