विचारा तर खरं : परसातले डास आणि प्रोपेनची टाकी

(या सदराच्या लेखिका महाराष्ट्रात हिवताप विभागातून निवृत्त झाल्या असून आता लेकीकडे न्यू जर्सीत असतात.)

प्रश्न : आम्ही एडिसनला राहतो. घरामागे पाव एकर आवार आहे, त्यापलीकडे झाडी. मे संपला की डेकवर चहा घेणंही मुश्कील होतं. ऑफिसातल्या मित्राने प्रोपेनवर चालणारा डासांचा सापळा घेतलाय आणि भरलेल्या जाळीचे फोटो पाठवत असतो. यंत्र महाग आहे. सासूबाई म्हणतात, गॅसची टाकी रात्रंदिवस चालू ठेवायची म्हणजे काय! घ्यावं का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : आधी सासूबाईंची शंका, कारण ती रास्त आहे. या सापळ्यात उघडी ज्योत नसते. प्रोपेन एका उत्प्रेरकावर हळूहळू जळतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, ऊब आणि दमटपणा तयार होतो. म्हणजे जिवंत जनावर श्वास सोडतं तसाच झोत. मादी डास रक्ताच्या शोधात या झोताच्या मागावर येते. जवळ आली की झोताभोवतीचा पंखा तिला आत ओढतो आणि ती जाळीत वाळून मरते. टाकी मात्र तुमच्या ग्रिलचीच, २० पौंडांची. तेव्हा ग्रिलचेच नियम लागू : टाकी घरात किंवा गॅरेजमध्ये ठेवायची नाही, आणि जोडणी केल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं. एवढं सासूबाईंच्या देखतच करा.

आता तुमचा प्रश्न. घ्यावं की नाही, हे तुम्हाला कोणता डास चावतो यावर आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलंच नाही!

एक डास पकडून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि भिंगातून बघा. काळाकुळकुळीत, पायांवर पांढरे पट्टे, पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ, आणि भर दुपारी घोट्याला चावतो? मग तो टायगर डास, एडिस अल्बोपिक्टस. हा मूळचा आपल्या आशियातला. न्यू जर्सीत तो १९९५ साली पहिल्यांदा सापडला आणि आता आपल्यासारखाच इथला झालाय. तपकिरी असेल आणि पावसानंतर आठवड्याभराने संध्याकाळी झुंडीने येत असेल, तर तो झाडीतल्या डबक्यांचा. रॅरिटन नदीच्या खाऱ्या दलदलीतला डास तर मैलोन्‌मैल उडत येतो.

हा भेद महत्त्वाचा, कारण सापळ्यासोबत ऑक्टेनॉलची वडी येते. हा वास बैलांच्या श्वासातला. आफ्रिकेत त्से-त्से माशीवर काम करणाऱ्यांनी तो १९८०च्या दशकात हेरला. दलदलीच्या डासांना तो भुलवतो. टायगरला त्याचं फारसं कौतुक नाही, त्याच्यासाठी लॅक्टिक आम्लाची वेगळी वडी मिळते. तीही लावली तरी टायगरसाठी मी एवढे पैसे घालणार नाही. तो शे-दोनशे मीटरच्या पलीकडे फारसा जात नाही, म्हणजे त्याचं माहेर तुमच्याच आवारात आहे किंवा शेजाऱ्याच्या. पन्हळीच्या पाइपाला खाली जोडलेली ती वळ्यावळ्यांची काळी नळी बघा. प्रत्येक वळीत चमचाभर पाणी साठतं आणि त्याला तेवढं पुरतं. उन्हाळ्यात अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. ती नळी बदलून सरळ, गुळगुळीत पाइप लावा, कुंड्यांखालच्या बशा उपड्या करा. महाराष्ट्रात आपण आठवड्यातून एकदा साठलेलं सगळं पाणी ओतून ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगायचो, तोच इथे पाळा. जे पाणी ओतता येत नाही त्यात बीटीआय या जिवाणूची वडी टाका, साधारण महिनाभर अळ्या मारते.

डास झाडीतले निघाले तर मात्र यंत्राचा विचार करायला हरकत नाही. खर्चाचा हिशेब आधी मांडा. एक टाकी आणि एक वडी जेमतेम तीन आठवडे पुरते, म्हणजे मे ते सप्टेंबर सात टाक्या. यंत्र फक्त पाहुणे यायच्या दिवशी लावून उपयोग नाही. ते हंगामाच्या सुरुवातीपासून अखंड चालावं लागतं, तेव्हा कुठे काही आठवड्यांनी फरक जाणवतो. लोक ते नेमकं डेकशेजारी ठेवतात, म्हणजे डासांना घरचं आमंत्रण! बसायच्या जागेपासून तीस-चाळीस फूट लांब, झाडीच्या बाजूला, सावलीत ठेवा.

तुमच्या मित्राच्या फोटोंबद्दल. जाळी भरली म्हणजे आवार रिकामं झालं, असं नाही. यंत्र लांबचे डासही बोलावतं आणि आलेले सगळेच आत जात नाहीत. संध्याकाळी ठरलेल्या वेळी दहा मिनिटं बाही वर करून बसा आणि किती डास अंगावर बसतात ते मोजा. यंत्र लावण्याआधी मोजा, लावल्यावर महिन्याने पुन्हा मोजा. मित्रालाही हेच करायला सांगा.

आणि यंत्राची ऑर्डर देण्यापूर्वी काउंटीच्या डास नियंत्रण विभागाला फोन करा. न्यू जर्सीत १९१२ सालच्या कायद्यापासून काउंटीवार ही यंत्रणा आहे. माणूस येऊन आवार बघून जातो, अळ्या शोधून देतो, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. कर तर तुम्ही भरताच!

प्रश्न : मुलगा अमेरिकेहून असाच सापळा आणतो म्हणतोय. आमचं घर रत्नागिरीजवळ, मागे पोफळीची बाग. इथे चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नको. ते यंत्र प्रोपेनसाठी बेतलेलं असतं. आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं, रेग्युलेटरची जोडणीही वेगळी. शिवाय घरगुती सिलिंडर स्वयंपाकाखेरीज दुसऱ्या कामाला वापरायला परवानगी नाही. आपल्याकडे रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स ऑक्टेनॉलला फारसा भुलतही नाही. संडासाच्या टाकीच्या व्हेंट पाइपाला बारीक जाळी घट्ट बांधा, क्युलेक्सचा मोठा कारखाना तिथेच असतो. विहिरीत गप्पी मासे सोडा. बागेत पडलेल्या पोयी आणि करवंट्या गोळा करा, त्यांत पावसाचं पाणी साठतं. मुलाला म्हणावं, त्या पैशात चांगली मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळ्या करून दे.

प्रश्न : तो निळ्या दिव्याचा, तडतड वाजणारा सापळा स्वस्त मिळतो. तो लावू?
– एक वाचक, पार्सिपनी

उत्तर : तडतड ऐकून समाधान मिळतं, एवढाच त्याचा फायदा. डेलावेअरमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा दिव्यांनी मारलेले १३,७८९ कीटक तपासले, त्यांत चावणारे, डास धरून, फक्त ३१ निघाले. बाकीचे बिचारे निरुपद्रवी, काही तर उपयोगाचे. त्यापेक्षा डेकवर टेबलफॅन लावा आणि त्याचा झोत पायांवर सोडा. डास अशक्त उडतो, वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही.