वावटळ उठते, टॉर्नेडो उतरतो

प्रश्न असा आहे : ‘2011 साली अमेरिकेत सुमारे 1,700 चक्रीवादळे झाली’ हे वाक्य एका वाचकाच्या वाचनात आलं. एका वर्षात इतकी चक्रीवादळं होतात का, आणि मूळ शब्द ‘टॉर्नेडो’ असेल तर त्याला मराठीत काय म्हणायचं?

आकडा बरोबर आहे, शब्द चुकला आहे. त्या वर्षी अमेरिकेत टॉर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारे हवेचे फिरते स्तंभ, सुमारे 1,700 झाले. चक्रीवादळांचं म्हणाल, तर उत्तर अटलांटिक महासागरात त्या संपूर्ण मोसमात नाव मिळालेली वादळं होती 18. एका शब्दाच्या अदलाबदलीने वाचकाच्या डोक्यात केवढा गोंधळ होतो पाहा.

चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं, कित्येक दिवस जगतं आणि त्याचं बारसंही होतं. ‘निसर्ग’ 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पण ते येणार हे आधीच ठाऊक होतं. टॉर्नेडोचा संसार बहुधा काही मिनिटांचा आणि काहीशे मीटर रुंदीचा. त्याला नाव ठेवायला सवड नसते. ज्या गावाची वाताहत झाली त्याच गावाच्या नावाने तो पुढे ओळखला जातो.

मग ‘वावटळ’ का नको? मला हा शब्द फार आवडतो, आणि हिंदीत ‘बवंडर’ चालतो तर आपल्याकडे वावटळ चालावी, असं वाटणंही साहजिक आहे. पण इथे क्रियापद आडवं येतं. वावटळ उठते. चैत्र-वैशाखात तापलेल्या माळावर, निरभ्र आकाशाखाली, जमिनीलगतची हवा गरम होऊन गरगरत वर चढते आणि धूळ, पाचोळा घेऊन जाते. तिला ढग लागत नाही. टॉर्नेडो मात्र गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली येतो. जमिनीजवळचा वारा एका दिशेचा आणि वरचा दुसऱ्या दिशेचा, शिवाय बराच जोराचा असला, की हवेला आडवा पीळ बसतो. ढगातला वर चढणारा प्रवाह तो पीळ उभा करतो. पुढे हा फिरता स्तंभ जमिनीला टेकला तरच त्याला टॉर्नेडो म्हणतात. अधांतरी राहिला तर तो नुसता नरसाळ्याच्या आकाराचा ढग. ‘वावटळ’ म्हटलं की मराठी वाचकाला डोळ्यांत गेलेली धूळ आठवते, पायाच्या चौथऱ्यापासून उपटलेलं घर नाही.

2011 मध्ये काय झालं ते पाहिलं की हा फरक मनात पक्का बसतो. वर्षाची सुरुवात शांत होती. मग एकट्या एप्रिलमध्ये सातशेहून अधिक टॉर्नेडो झाले. मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा, पश्चिमेकडची कोरडी हवा आणि वर जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा, यांची गाठ वसंतात तिथे पडतेच, त्या महिन्यात ती पुन्हा पुन्हा पडली. 27 एप्रिल या एका दिवशी दोनशेच्या आसपास टॉर्नेडो झाले आणि तीनशेहून अधिक माणसं गेली, त्यांतली बहुतेक अलाबामा राज्यात. हॅकलबर्ग आणि फिल कॅम्पबेल या गावांवरून गेलेल्या एकाच टॉर्नेडोने 72 बळी घेतले. मग 22 मे रोजी मिझुरीतलं जॉप्लिन शहर : 158 मृत्यू. वर्षअखेर मृतांचा आकडा साडेपाचशेच्या वर गेला. पुढच्या वर्षी, 2012 मध्ये, टॉर्नेडोंची संख्या हजाराच्याही आत होती. म्हणून कुठलंही एक वर्ष धरून ‘वाढ’ किंवा ‘घट’ लिहिणाऱ्यांनी जरा थांबावं.

परिभाषेत ‘घूर्णवात’ आणि ‘घूर्णवाती वादळ’ हे शब्द आहेत. अर्थाने ते अचूक आहेत, पाठ्यपुस्तकात जरूर वापरावेत. बातमीत मात्र ते वाचणाऱ्याला अडखळवतात. ‘झंझावात’ प्रचारदौऱ्यांनी इतका झिजवला आहे की त्यातला वारा कधीच निघून गेला.

माझं मत स्पष्ट आहे : ‘टॉर्नेडो’च लिहावं, पुल्लिंगी. टॉर्नेडो आला, टॉर्नेडो आले, टॉर्नेडोंचा तडाखा. हा शब्द इंग्रजीतही उसनाच आहे. गडगडाटी वादळाला स्पॅनिशमध्ये ‘त्रोनादा’ म्हणतात, त्यावर ‘वळणे’ या अर्थाच्या क्रियापदाची छाया पडून तो घडला. आणि ही गोष्ट फक्त अमेरिकेची नाही. मार्च 1978 मध्ये दिल्लीत टॉर्नेडो झाला होता. 26 एप्रिल 1989 रोजी बांगलादेशातल्या दौलतपूर-साटुरिया भागात झालेल्या टॉर्नेडोत सुमारे 1,300 माणसं गेल्याचा अंदाज आहे. आपल्याच शेजारात एवढा संहार होऊनही आपण त्याला ‘चक्रीवादळ’ म्हणून मोकळे होतो, याचं मला वाईट वाटतं.

जाता जाता आणखी एक. अमेरिकेत ‘टॉर्नेडो वॉच’ आणि ‘टॉर्नेडो वॉर्निंग’ अशा दोन वेगळ्या सूचना असतात आणि मराठी बातमीत दोन्हींचा ‘इशारा’ होतो. वॉच म्हणजे हवा तशी आहे, लक्ष ठेवा. वॉर्निंग म्हणजे टॉर्नेडो दिसला आहे किंवा रडारवर खूण मिळाली आहे, आत्ताच्या आत्ता तळघर गाठा. पहिल्याला ‘सावधगिरीची सूचना’ म्हणावं आणि ‘इशारा’ हा शब्द दुसऱ्यासाठीच राखून ठेवावा.